जवळ्यातला शंख

बोरिवली (पश्चिम)
९ फेब्रुवारी १९८६

सुगंधा,

रत्नागिरीत राहणाऱ्या माणसाला खुशाली काय विचारायची, तू बरीच असणार. आम्हीही मजेत आहोत असंच लिहिणार होतो, पण तू माझी मामेबहीण आणि आईची लाडकी भाची, तुझ्याशी खोटं बोललं की मला उचकी लागते.

आईचे दोन्ही डोळे पिकलेत. चार वर्षं मोतीबिंदू वाढतोय, आता तिला उजेड आणि सावली एवढंच कळतं. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबलात तर आतल्या आत फुटेल, मग ब्रह्मदेव आला तरी डोळा परत येणार नाही. आई म्हणते, "डोळो कापूक देवचंय नाय." थोरल्या मावशीचा डोळा कुठल्याशा शिबिरात गेला, ते तिने पाहिलंय. सबंध बिल्डिंगला तिने हे ऐकवून ठेवलंय, त्यामुळे आता मागे फिरायची सोय नाही. नलिनीने सुनेच्या हक्काने सांगून पाहिलं, मी ओरडून पाहिलं, शेवटी एकदा रडूनही पाहिलं. तिला रडणं दिसलं नाही, सर्दी झाली का म्हणाली.

न दिसण्याचा एक फायदा मला आहे. तिला माझं टक्कल दिसत नाही. रोज सकाळी कारखान्यात निघताना सांगते, "भांग नीट पाड रे." मी पाडला म्हणतो. नाक मात्र तिचं असं, की तळमजल्यावर कोणी कालचे बोंबील तळले तर तिसऱ्या मजल्यावर हिला कळतं.

तर पत्राचं कारण. जवळ्याची सुकी बारीक कोलंबी निवडायचं काम आईचं, पण आता ते माझ्याकडे आलंय. दिवसभर स्टोअरमध्ये बल्ब मोजायचे आणि घरी येऊन सुक्या जवळ्यातले खडे काढायचे, अशी माझी प्रगती आहे. काल गोराईच्या कोळणीकडून आणलेल्या जवळ्यात एक शंख मिळाला. शंख म्हणजे जिऱ्याच्या दाण्याएवढा. तपकिरी, टोकदार, आणि गंमत म्हणजे उलट्या वळणाचा. आईच्या पूजेतला शंख शेजारी धरून पाहिला, तोंड बरोबर विरुद्ध बाजूला. खाली चित्र काढलंय. ते गाजरासारखं दिसत असेल तर दोष माझा, शंखाचा नाही. तू गोगलगायीत डॉक्टरेट करतेयस ना? हे कोणाचं पिल्लू?

तुझा
लवू


रत्नागिरी
२० फेब्रुवारी १९८६

लवूदादा,

डॉक्टरेट "करतेय" हे तू चांगलं लिहिलंस. सात वर्षं करतेय. माझ्यापेक्षा माझ्या गोगलगायी पुढे गेल्या.

चित्र गाजरासारखंच आहे, तरी कळलं. ते पिल्लू नाही. त्याच्या तोंडाची कड जाड झालेली तू काढलीयेस, म्हणजे पूर्ण वाढलेला गडी आहे तो, त्याची धाव तेवढीच. समुद्रातल्या स्पंजावर राहतो आणि तोच खातो. या कुळातले जवळजवळ सगळे उलट्या वळणाचेच असतात. त्यात नवल काही नाही, खेकडा आडवा चालतो तसंच. लॅटिन नाव आहे. मराठी नाही, कारण तो खाता येत नाही, आणि आपल्या लोकांनी जे पोटात जात नाही त्याला नाव ठेवायचे कष्ट कधी घेतले नाहीत.

नेमकी जात कोणती ते वस्तू हातात आल्याशिवाय सांगता येणार नाही. आमच्या कॉलेजच्या संग्रहात हा नाही. काड्यापेटीत कापूस घालून मला पाठव. आणि बिल्डिंगमध्ये कोणाला दाखवू नकोस. उलट्या वळणाचा शंख म्हटलं की लोक आरती घेऊन येतात, तो केवढा आहे ते बघत नाहीत.

आत्याच्या डोळ्यांचं वाचून रात्री जेवण गेलं नाही. मी येऊ का? पण माझं तरी ती कुठे ऐकणार. काहीतरी कर रे.

सुगंधा


बोरिवली
१६ मार्च १९८६

सुगंधा,

तुझं पत्र येईपर्यंत वाट लागली होती. आरती होऊन गेली.

खालच्या मजल्यावरचे कुंडलिकराव तुला आठवत असतील, निवृत्त झाल्यापासून सोसायटीच्या प्रत्येक घरात कोणता देव कुठल्या दिशेला हवा ते सांगत फिरतात. ते साखर मागायला आले आणि मी मूर्खासारखा त्यांना शंख दाखवला. त्यांनी चष्म्यावर चष्मा लावून पाहिला, कपाळाला हात लावला आणि म्हणाले की लाखात एक असतो असा शंख, आणि तुमच्यासारख्याच्या घरी आला. "तुमच्यासारख्याच्या" म्हणजे काय ते मी विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत बायका ताटं घेऊन आल्या. पंधराएक माणसं रांगेने जिऱ्याच्या दाण्याचं दर्शन घेत होती, आणि मी दारात उभा राहून चपला नीट लावत होतो.

कुठे मिळाला, असं सगळ्यांनी विचारलं. जवळ्यात मिळाला हे कसं सांगणार? मी म्हटलं, गोराईला, पहाटे, ओल्या वाळूत. नलिनी आत गेली, तिला हसू आवरेना. मी तो साबणाने दोनदा धुतला होता, आता देव्हाऱ्यात चांदीच्या वाटीत बसलाय.

आई खाटेवर बसून हे सगळं ऐकत होती. लोक गेल्यावर तिने हात पुढे केला. मी शंख तळहातावर ठेवला. तिने बोटाने चाचपला, नाकाजवळ नेला, कपाळाला लावला. मग चार वर्षांत पहिल्यांदा आपणहून डोळ्यांचा विषय काढला. "डोळो केल्यार ह्यो दिसतलो?"

सुगंधा, मी म्हटलं, दिसेल. म्हटलं, असा शंख बघायला मिळावा म्हणूनच देवाने हे सुचवलं असेल. इतकं घाण खोटं मी शाळेत गैरहजेरीच्या चिठ्ठीतही लिहिलं नव्हतं. पण ती म्हणाली, बरं, विचार डॉक्टरला.

एप्रिलच्या एकोणतीस तारखेला नंबर लागलाय. त्यामुळे काड्यापेटी विसर. उलट माझं एक काम कर. आईला वाचून दाखवता येईल असं एक पत्र लिही, की हा शंख फार दुर्मिळ आहे. तू शिकलेली, तुझ्यावर तिचा विश्वास आहे. माझ्यावर कोणाचाच नाही, ते बरोबरही आहे.

लवू


रत्नागिरी
२६ मार्च १९८६

लवूदादा,

हे असलं पत्र मी लिहिणार नाही. आधी हे वाच, मग रागाव.

पट्टी सुटेल, चष्मा येईल, आणि ती बघेल काय? जवळ्यातला खडा. जन्मभर जवळा निवडलेली बाई आहे ती, तिला तू काय सांगणार? एका डोळ्यासाठी तू तिला फसवलंस तर दुसऱ्या डोळ्याच्या वेळी ती तुझं ऐकेल का? त्यापेक्षा खरं सांग. सांगायला धीर होत नसेल तर नलिनीवहिनीला सांगायला सांग, तिच्यात तो आहे.

हे लिहून पत्र बंद केलं आणि दोन दिवस पोस्टात टाकलं नाही. आत्याने मला पोहायला शिकवलं. मुलींनी खाडीत उतरू नये म्हणणाऱ्या माझ्या बापाला, म्हणजे आपल्या सख्ख्या भावाला, तिने उभं केलं नव्हतं. तिचे डोळे गेले तर माझ्या खरेपणाचं मी काय लोणचं घालू?

सोबत वेगळा कागद जोडलाय, तो वाचून दाखव. त्यात खोटं एक अक्षर नाही: "आत्या, शंख मी ओळखला. समुद्रातलाच आहे, अगदी लहान आहे, आणि जन्मापासून उलट्या वळणाचा आहे. त्याच्या अंगावर मण्यांच्या ओळी असतात, त्या दिसायला चांगले डोळे लागतात. तू बघ आणि मला कळव." माझं जुनं भिंगही पाठवतेय. फोडू नकोस.

सुगंधा


बोरिवली
२७ एप्रिल १९८६

सुगंधा,

शंख हरवला.

तुझा कागद वाचून दाखवला, आईने तो दोनदा वाचायला लावला आणि घडी करून उशीखाली ठेवला. सगळं झकास चाललं होतं. गेल्या सोमवारी मी सकाळी देव्हाऱ्यात पाहिलं तर वाटी रिकामी. नलिनीने शपथेवर सांगितलं की तिने हात लावला नाही. निर्माल्याची पिशवी मी आदल्या दिवशी खाडीत टाकून आलो होतो, त्यात गेला असणार. लाखात एक शंख, तो मी स्वतःच्या हाताने परत समुद्रात सोडला. यापुढे मला घरातल्या कुठल्याही वस्तूपासून दूर ठेवावं असं नलिनीचं मत आहे.

मग तुझं पहिलं पत्र आठवलं. या कुळातले सगळे उलट्या वळणाचेच, नवल काही नाही. म्हणजे दुसराही असाच असणार! त्या कोळणीला गाठलं आणि आहे तेवढा जवळा दे म्हटलं. ती म्हणाली, लगीन हाय का घरात? दोन मोठ्या पिशव्या भरून आणल्या. कारखान्यात रजा टाकली, कारण लिहिलं घरगुती. हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरली आणि तुझं भिंग घेऊन बसलो.

तुला कल्पना नाही किती वास सुटतो ते. बिल्डिंगमधल्या मांजरी दाराशी बसल्या. नलिनी म्हणाली, तुम्हाला शंख मिळेपर्यंत मी भावाकडे मुलुंडला जाते, आणि खरंच गेली. कुंडलिकराव नाकाला उपरणं लावून विचारायला आले, मी म्हटलं उन्हाळ्याचं वाळवण. "पवित्र शंख ज्या घरात आहे त्या घरात?" असं म्हणून ते गेले. आई आपल्या खाटेवर बसून होती. बिचारीला काही कळत नाही. अधूनमधून तोंडाला पदर लावून घेत होती, वासाने असेल. मला वाईट वाटलं.

खडे मिळाले, खेकड्याचे पाय मिळाले, कोणाचीतरी चमकी मिळाली. दुसऱ्या पिशवीच्या तळाशी शंख मिळाला. टोक तुटलेलं आहे, पण वळण उलटं. मी एकटाच मोठ्याने ओरडलो. आईने विचारलं, काय झालं? म्हटलं, विंचू दिसला. आता तो वाटीत आहे.

परवा ऑपरेशन. मला इतकी भीती वाटते की हा शंख खरंच काही करत असेल तर बरं, असं आता मलाही वाटायला लागलंय.

लवू


रत्नागिरी
२४ मे १९८६

लवूदादा,

तीन पत्रं टाकली. एकाचं उत्तर नाही. जवळ्यात बुडालास का? ऑपरेशन झालं एवढं नलिनीवहिनीच्या कार्डावरून कळलं. दिसतं का तिला? चांगलं वाईट काय असेल ते लिही, नाहीतर मी एसटीत बसते.

सुगंधा


बोरिवली
२२ जून १९८६

सुगंधा,

दिसतं. हे पहिलं वाक्य लिहायला इतके दिवस का लावले ते सांगतो.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. नंतर पट्टी, औषधं, डोकं हलवायचं नाही, खोकायचं नाही. शेवटी परवा चष्मा आला. भिंगं सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखी, त्यातून आईचे डोळे एवढाले दिसतात. डॉक्टरांनी तक्ता वाचायला लावला, तिने खालच्या ओळीपर्यंत वाचला आणि एक अक्षर पुसट छापलंय म्हणून त्यांनाच सुनावलं. मला नाचावंसं वाटलं.

मग ती माझ्याकडे वळली. बराच वेळ बघत राहिली. मी हसलो. ती हसली नाही. रिक्षात बसल्यावरही बघत होती, आणि मी बघितलं की तोंड फिरवत होती. घरी आल्यावर मी वाटी पुढे केली, तुझं भिंग दिलं. तिने शंख पाहिला, वाटी खाली ठेवली, आणि एक शब्द बोलली नाही. कुंडलिकराव विचारायला आले तर म्हणाली, "डोळे दुखतत."

तेव्हापासून गप्प आहे. जेवते, औषध घालून घेते, मला बघते. सकाळी भांग पाड असंही म्हणत नाही. तू सांगितलं होतंस ना, की एका डोळ्यासाठी फसवलंस तर दुसऱ्याच्या वेळी काय करशील? दुसरा डोळा अजून व्हायचाय, आणि माझ्या तोंडून ऑपरेशन हा शब्द निघत नाही. मी मोठा हुशार! आईला शंख दाखवायला गेलो आणि स्वतःचं थोबाड दाखवून बसलो.

आज तिने नलिनीकडे कागद आणि पेन मागितलं. तुझा पत्ता विचारला. काय लिहील त्याला मी तयार आहे. माझी बाजू घेऊ नकोस, मला बाजू नाही.

लवू


बोरिवली
२४ जून १९८६

चिरंजीव सुगंधा,

मी तुझी आत्या. अक्षर वायच वाकडा असात, चार वर्षांनी पेन हातात धरलंय. चष्म्यातसून वळी पाण्यासारखे हलतत. तू कळव म्हणान लिवलं होतंस, म्हणान कळवतंय. लवूक सांगूक नाय काय लिवतंय ता.

तो शंख जवळ्यातलो. पयल्याच दिवशी तेना माझ्या हातार ठेवल्यान, मी नाकाकडे नेलंय. साबणाचो वास आणि खाली जवळ्याचो. गोरायच्या वाळयेत गावलो म्हणान सांगी होतो. माझे डोळे गेले होते, नाक खय गेला होता? पन मी काय बोलूक नाय. माका भ्या वाटला होता गो. थोरल्या बायचो डोळो गेलो ता मी बघलंय, तिचो हात माझ्या हातात होतो. आणि सगळ्या बिल्डिंगीक सांगून बसलंय, डोळो कापूक देवचंय नाय म्हणान. आता कसा होय म्हणतलंय? लाज वाटा होती. शंखाचा निमित्त गावला, ता मी घेतलंय.

मगे वाटला, जवळ्यातली वस्तू देवाकडे कशी ठेवतलंय? म्हणान एका राती मीच चाचपत जावन काढलंय आणि पदराक गाठ मारलंय. सकाळी लवूची काय ती धावपळ! दोन पिशये जवळो घेवन बसलो. मी खाटीर बसान तोंडाक पदर लावन हसी होतंय. सांगूचा होता तेका, पन सांगूक नाय. माझ्या डोळ्यांसाठी कोणतरी इतक्या घाबरता ता बघूक बरा वाटला. दिसणा नाय होता तरी बघलंय. हॉस्पिटलात नर्सबायेन साडी बदलूक लावल्यान, तेव्हा तो शंख मी मुठीत धरलंय. डॉक्टराक वाटला, म्हातारी भियान मूठ आवळता. खराच होता ता.

आता ऐक. चष्मो लावल्यानी आणि पयलो लवू बघलंय. माका वाटला तेचो बापूस उभो असा. डोक्यार केस नाय, गाल बसलेले. चार वर्षां मी रोज तेका भांग पाड म्हणी होतंय, आणि तो पाडलंय म्हणी होतो. माझो झील म्हातारो झालो आणि माका कोणी सांगूक नाय. तेच्याकडे बघलंय की माझे डोळे भरान येतत, आणि डॉक्टरान सांगल्यान हा रडूचा नाय, टाके असत. म्हणान मी गप असंय. तो समाजता मी शंखासाठी रागावलंय. खुळो असा.

पदरातलो तो पयलो शंख ह्या काड्यापेटीत घालून धाडतंय. टोक अख्ख्या असा. तुझ्या भिंगान मी तो बघलंय, मणी ओवल्यासारखे वळी असत, तू लिवलं तशेच. इतक्या बारीक कोणी ओवल्यान असात? तुटको शंख हयच ऱ्हवानदे, कुंडलिकाक नमस्कार करूक होयो.

दुसरो डोळो दिवाळीनंतर करतलंय. लवूक मीच सांगतलंय, तेना माका काय सांगूक नको.

आज सकाळी तेका पुढ्यात बसयलंय. तेल घातलंय, आणि कानाकडे उरलेत त्या केसांचो फणयेन भांग पाडून दिलंय. तसोच कारखान्यात गेलो.

तुझी
आत्या